तोंडी सूचना ग्राह्य नाही

सोमवार, ५ जानेवारी

ताईने आज परत खिडकी हलवली!

म्हणजे खिडकी अजून भिंतीत आहे. पण ताईने गवंड्याला सांगितलं, "जरा इकडे घ्या ना, एवढंच फक्त." आणि त्या शहाण्याने वीट उपसायला घेतलीसुद्धा. मी जिन्यावरून ओरडले — खाली ठेवा ती! पाणी मारणारा मजूर पाइप हातात धरून तसाच उभा, पाणी आपलं त्याच्या पायांवर.

मग ताईला बाजूला घेऊन पुन्हा शिकवणी. दवाखाना तुझा, जागा तुझी, मालकीण तू. सगळं मान्य. पण कंत्राटदाराला काय सांगायचं ते माझ्यामार्फत. तू मला सांगायचं, मी कागदावर उतरवणार, मग तो करणार. तोंडी सूचना ग्राह्य नाही. करारात पहिल्याच पानावर आहे.

"अगं, मी इथे उभी, तो तिथे उभा. मध्ये तू कशाला?"

मध्ये मी याचसाठी गं बाई! म्हणून तर कन्सल्टंट नेमतात. काम नकाशाप्रमाणे होतंय का ते बघायचं, आणि मालक-कंत्राटदारात वाजलं तर निवाडा करायचा. दोघांचाही. फी एकाची, न्याय दोघांना.

खरं तर मी तीनदा नाही म्हटलं होतं. सख्ख्या बहिणीचं काम — उद्या वाजलं तर मी कुणाच्या बाजूने बोलणार? कंत्राटदाराला तसं स्पष्ट विचारलंही होतं, की बाबा, मालकीण माझी थोरली बहीण आहे, तुम्हाला चालेल का? तो म्हणाला, "होऊन जाईल, मॅडम." त्याचं सगळ्यावर हेच उत्तर. टँकर आला नाही? होऊन जाईल. सळई वाकडी? होऊन जाईल. मी त्याचं नावच होऊनजाईल ठेवलंय. फक्त इथे, या पानांवर. तोंडावर अहो-जाहो.

गुरुवार, ८ जानेवारी

मलाही नाव आहे!! लेखी-द्या मॅडम. वॉचमन आत तोंड करून ओरडला — "लेखी-द्या मॅडम आल्या रे!" — आणि मी त्याच्या पाठीमागेच उभी. बिचारा. मला 'चहा आणू का' म्हणून चारदा विचारलं.

घरी अण्णांना सांगितलं तर त्यांना हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला. अण्णा जन्मभर कंत्राटदार. अर्धं आयुष्य कन्सल्टंट लोकांशी भांडण्यात गेलं, आणि धाकटी पोरगी निघाली कन्सल्टंट. त्यांच्या मते कन्सल्टंट म्हणजे असा पंच, ज्याचा डबा एकाच संघाकडून येतो.

मी म्हटलं, डबा कुणाचाही असो अण्णा, शिट्टी माझी.

"ताईविरुद्ध वाजवशील?"

वाजवीन की!

"लेखी दे."

म्हातारा डांबरट आहे.

शनिवार, १० जानेवारी

खिडकी जिथल्या तिथे. ताई रुसलेली. मी खूश.

गुरुवार, १५ जानेवारी

ताई रुसवा विसरून आली. ती हाडांची डॉक्टर नाही, व्यायाम करून घेणारी डॉक्टर — पडलेल्यांना उठवते, उठलेल्यांना चालवते. सगळ्या पेशंटना चालवते आणि सख्ख्या बापापुढे मात्र हात टेकते. आज अण्णांसाठी जाड पेन घेऊन आली, वर स्पंज गुंडाळलेलं. रोज एक ओळ लिहायची, बोटांना वळण लागतं.

अण्णांनी पेन डाव्या हाताने उचललं, बघितलं, टीव्हीच्या मागे ठेवून दिलं. "आता मला कुठली टेंडरं भरायचीत?"

अर्धांगाचा झटका येऊन दीड वर्ष झालं. पाय बराच आला, वॉकर घेऊन घरभर फिरतात. उजव्या हाताचं मात्र नाव काढू देत नाहीत. बँकेतल्या बाईंनी "आजोबा, अंगठा चालेल" म्हणून शाईचं पॅड पुढे केलं ना, त्या दिवसापासून पेन नाही. आणि सही काय होती त्यांची! तीन मजली, वर गच्ची.

पण पेनाचंही मला एवढं नाही. मला लागतं ते हे, की अण्णा आता कुणावर ओरडत नाहीत. पूर्वी सकाळी चार माणसांना झापल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. आता दूधवाल्याने निम्मं पाणी घातलं तरी म्हणतात, असू दे.

मंगळवार, २० जानेवारी

आज रॅम्पची आखणी. होऊनजाईलला तासभर बसवून समजावलं.

दवाखान्याचं जोतं उंच. दारापर्यंत चढायला रॅम्प हवा, आणि चढ सौम्य हवा — बारा पावलं पुढे तेव्हा एक पाऊल वर. इतकी लांब जागा समोर नाही. म्हणून माझ्या नकाशात रॅम्प भिंतीच्या कडेने जातो, मध्ये सपाट टप्पा, तिथे टेकायला बाक, मग मागे वळून दारापाशी. वॉकरवाल्या माणसाला मध्ये दम खाता आला पाहिजे.

हा टप्पा नेमका कुठे ठेवला, ते इथेच सांगते. अण्णा आमच्या बोळकांडीत वॉकर घेऊन किती चालले की थांबतात, ते मी चोरून टेपने मोजलं. ते अंघोळीला गेल्यावर! त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. निदान पूर्वी घेतलं असतं.

होऊनजाईलने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. "फिरवून फिरवून नेताय मॅडम." मी म्हटलं, बाकी काहीही एखाद्या इंचाने चुकलं तर आपण भांडू आणि मिटवू. हा रॅम्प चुकायचा नाही. आणि काँक्रीट ओतण्याआधी मला बोलवायचं. मी फळ्या तपासणार, चढ मोजणार, मगच ओतायचं. हेही लेखी दिलंय.

"होऊन जाईल." मग जाता जाता, नेहमीसारखं — "मोठे साहेब कसे आहेत?"

मोठे साहेब म्हणजे अण्णा. होऊनजाईल त्यांच्याकडे मुकादम होता. फळी ठोकण्यापासून टेंडर भरण्यापर्यंत सगळं त्यांनी शिकवलं, मुख्यतः शिव्या घालून. तो त्या शिव्या अजून देवाच्या नावासारख्या आठवतो. मी म्हटलं, बरे आहेत. ओरडत नाहीत पण. त्याचा चेहरा उतरला.

मंगळवार, २७ जानेवारी

ताप.

बुधवार, २८ जानेवारी

ताप. साइट नाही. ताईने फोनवर हुकूम सोडला — पडून राहा. तोंडी, पण ग्राह्य धरला.

शुक्रवार, ३० जानेवारी

उतरतोय. अंग मोडून आलंय.

अण्णा ताईकडच्या व्यायामाहून आज उशिरा आले. ताईचा ड्रायव्हर रोज नेतो-आणतो. "रस्ता खणलाय तिकडे" म्हणाले. आणि मग — संध्याकाळी दूधवाल्याला काय झापलं! "दुधात पाणी घालतोस की पाण्यात दूध, एकदा ठरव!" मी पांघरुणातून ऐकतेय, कानांवर विश्वास बसेना. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्यांच्या चपलेला काहीतरी पांढरट लागलेलं दिसलं, विचारणार होते, तेवढ्यात डोळा लागला.

काय घडलं कुणास ठाऊक, पण घडलं ते चांगलं घडलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

रॅम्प सरळ आहे!!!

आठवड्याने साइटवर गेले. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थिजले. वळण नाही. टप्पा नाही. बाकाची जागा नाही. फाटकापासून दारापर्यंत सरळसोट चढ, काँक्रीट ओतलेलं, वर ओली गोणपाटं. मला बोलावलं नाही, विचारलं नाही, काही नाही. मला आधी वाटलं ताप परत चढला.

गाडीत ताईच्या जुन्या दवाखान्यातली एक चाकाची खुर्ची होती, ती काढली. आत सिमेंटची गोणी बसवली. माझी पहिली पेशंट. वरून नुसती सोडली — खुर्ची जी सुटली! वॉचमनला चाटून, फाटकाच्या खांबाला वळसा घालून थेट वाळूच्या ढिगात. गोणी फुटली. सगळे मजूर हसले. मग माझं तोंड बघून एकेक करत कामाला लागले.

त्या गोणीच्या जागी माणूस असता तर?

होऊनजाईल साइटवर नव्हता. फोन बंद. आज खरंच काही बिघडलंय, आणि 'होऊन जाईल' म्हणायला तो जागेवर नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आला. हात बांधून माझ्या टेबलापुढे उभा, शाळेत आणून उभं केल्यासारखा.

मी — नकाशात असा आहे का?

"नाही."

— मग?

"चूक झाली. तोडतो. परत करतो. होऊन जाईल."

तोडशील ते ठीक. पण कुणी सांगितलं? चूक इतकी सरळ होत नसते! फळ्या सरळ लागल्या, लेव्हल लागली, काँक्रीट आलं — हे आपोआप नाही होत. ताईने सांगितलं का? खरं सांगा, मी तिलाही सोडणार नाही.

"डॉक्टर मॅडमनी नाही."

— मग कुणी?

खाली बघून म्हणाला, "सांगणाऱ्याने सांगितलं."

म्हणजे काय! तासभर धारेवर धरलं. तोंडाला कुलूप. शेवटी चहा मागवला तर तोही प्याला नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

ताई पेटलीय. तिने सरळ कानांवर हात ठेवले — मी महिनाभरात रॅम्पबद्दल एक अक्षर बोलले नाहीये. माझा विश्वास आहे. ताई 'एवढंच फक्त' म्हणून सतरा गोष्टी मागेल, पण रॅम्प नाही. पेशंट तिचे आहेत.

"काढून टाक त्याला."

काढून टाक म्हणणं सोपं. करारात असं आहे — कंत्राटदाराने जाणूनबुजून नकाशा डावलला, असं कन्सल्टंटने लेखी दिलं, तरच मालकाला त्याला काढता येतं. माझं पत्र. माझी सही. आणि एकदा त्या शब्दांत पत्र गेलं की होऊनजाईलला पुन्हा काम कोण देईल? आमच्या धंद्यात बातमी सिमेंटच्या ट्रकबरोबर गावोगाव फिरते.

ताईचंही चूक नाही. जुनी जागा पुढच्या महिन्याअखेर सोडायची आहे. नवा रॅम्प नाही तर नवा दवाखाना नाही, आणि तिचे पेशंट काय रस्त्यावर व्यायाम करणार? "जो माणूस मला न विचारता आणि तुला न विचारता असं करतो, तो उद्या बाथरूममध्ये काय करेल?"

रविवार, ८ फेब्रुवारी

अण्णा पुन्हा गप्प. दूधवाला सुखात आहे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज सगळी इमारत वरपासून खालपर्यंत तपासली. ताईला दाखवायचं होतं ना, की हा माणूस कसा आहे. चांगला की वाईट, जे निघेल ते. भिंती ओळंब्यात. बाथरूमचा उतार इतका नेमका की तांब्याभर पाणी ओतलं, सगळं जाळीत गेलं. खिडकी जिथल्या तिथे! या माणसाने अख्ख्या कामात एकच गोष्ट चुकवली, आणि चुकवली ती नेमकी, ज्याबद्दल मी सगळ्यात जास्त बजावलं होतं. याला काही अर्थच लागत नाही.

त्याला पुन्हा बोलावलं. म्हटलं, अहो, तुम्ही नाव सांगा. कुणीतरी अधिकार नसताना सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत, तर तो मूर्खपणा ठरेल. मूर्खपणाला काढून टाकत नाहीत, नाहीतर या धंद्यात कुणी उरणार नाही. पण नाव नसेल, तर ते 'जाणूनबुजून' ठरतं. मग माझे हात बांधलेले.

"मला माहीत आहे, मॅडम."

— मग?

"तुम्ही पत्र द्या." आणि जाता जाता, "मोठे साहेब ओरडतात का हो आता?"

मी संतापले! इथे तुमचं काम जातंय आणि तुम्ही अण्णांची काय विचारपूस करताय?

गुरुवार, १२ फेब्रुवारी

ताईशी कडाक्याचं भांडण.

ती — तू माझी बहीण आहेस की त्याची वकील?

मी — कामाच्या वेळेत पंच.

ती — आणि सहानंतर?

मी — सहानंतरही पंच, फक्त तुझ्याकडचा चहा पिते.

हसली नाही. एरवी हसली असती. मग रडली. म्हणाली, मला तो रॅम्प कशासाठी हवा होता माहीत आहे ना तुला? नवा दवाखाना झाला की पहिले अण्णा चढणार होते. स्वतः. कुणी न धरता.

माहीत आहे. माझ्याकडे त्यांची पावलं मोजलेली आहेत. हे तिला सांगितलं नाही, नाहीतर मीही रडले असते आणि मग निवाडा कुणी करायचा?

सोमवारपर्यंत पत्र देते म्हटलं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

पत्राची पहिली ओळ — 'वरील कामात कंत्राटदाराने जाणूनबुजून...'

खोडली. पुन्हा लिहिली. खोडली. हा माणूस जाणूनबुजून काही करेल यावर माझा विश्वास नाही. पण विश्वास करारात बसत नाही.

अण्णा दारात वॉकर धरून उभे होते. कधी आले कळलं नाही. "काय लिहितेस?" म्हटलं, तुमच्या मुकादमाचा निरोप समारंभ. नेहमीसारखे टोमणा मारतील वाटलं. वळले आणि गेले. जेवले नाहीत.

रविवार, १५ फेब्रुवारी

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी अण्णा म्हणाले, "पत्र गेलं?"

उद्या जाईल.

"मग त्याचं काय?"

काढतील त्याला. आणि मग काय, कुणी उभं करणार नाही.

अण्णा खुर्चीत बसले. वॉकर पुढ्यात तसाच. म्हणाले, "मीच सांगितलं."

मला कळेचना. काय सांगितलं?

"रॅम्प. सरळ घे म्हणून. मीच."

त्या शुक्रवारी! रस्ता खणलाबिणला काही नव्हता. ड्रायव्हरला सांगितलं, गाडी साइटवरून घे. उतरले. फळ्या लागत होत्या. ते वळण, तो टप्पा, ती बाकाची जागा बघितली — "आणि मला मीच दिसलो," म्हणाले. "चार पावलं, मग टेका, दम खा. भर रस्त्यासमोर. येणारे-जाणारे बघणार, बघा, म्हातारा दम खातोय. मी म्हटलं, हे काय गोगलगायीचं घर बांधताय? सरळ घे!"

आणि मला बोलावलं नाही ते? "तुला ताप होता. मी त्याला म्हटलं, तिला उठवू नकोस, मी आहे ना तपासायला." डाव्या हातात लेव्हल धरून तपासलं म्हणे. आणि परत आले ते असे ताठ, दूधवाल्याला फाडून खायला!

मी इतकी आंधळी कशी? पांढरी चप्पल समोर होती. दोन जास्तीच्या पोळ्या मीच वाढल्या होत्या.

रागवायचं होतं. रागावता येईना. म्हटलं, अण्णा, मग इतके दिवस गप्प का बसलात?

"रोज ठरवायचो. रोज तू घरात आल्यावर तोंड उघडायचो, आणि तू म्हणायचीस, कोण तो गाढव सरळ घे म्हणणारा." डोळे पुसले डाव्या हाताने. "गाढव तर मी आहेच."

होऊनजाईलला फोन लावला. म्हटलं, कळलं मला, बोला आता. मग म्हणाला — "मॅडम, साहेब गाडीतून उतरले तेव्हा मला वाटलं, भेटायला आले. त्यांनी वॉकर बाजूला ढकलला, भिंतीला हात लावून उभे राहिले आणि मला शिव्या दिल्या. सगळ्या. पहिल्यासारख्या. गवंडी घाबरून खाली उतरला. मला इतकं बरं वाटलं, मॅडम. मी काय म्हणणार होतो — साहेब, लेखी द्या?"

फोन ठेवला आणि रडले. रडले तर रडले.

मग ताईला फोन. अण्णा स्वतः बोलले तिच्याशी. ती सगळं ऐकून म्हणाली, "अण्णा, तुम्ही त्याला वाचवताय." अण्णा म्हणाले, नाही गं, खरंच मीच. "तुमचा लाडका मुकादम आहे तो. त्याच्यासाठी तुम्ही काहीही अंगावर घ्याल." मग मला — "तुझाच नियम ना? तोंडी चालत नाही. मला लेखी दाखव. लेखी असेल तर मी मागे घेते. तो रॅम्प तोडून पुन्हा करू दे आणि काम पुरं करू दे."

फोन ठेवून मी अण्णांकडे वळले आणि सवयीने, अगदी सवयीने, तोंडातून गेलं —

"लेखी द्या."

जीभ चावली. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर पडून होता. मी म्हटलं, नाही अण्णा, मी लिहिते, तुम्ही नुसता अंगठा —

"अंगठा नाही," म्हणाले. उठले आणि आपल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

उद्या पत्र द्यायचं आहे. मी शब्द दिलाय.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळी टीव्हीमागे पेन नव्हतं. माझ्या चहाच्या कपाखाली कागद. अक्षरं उतारावर सोडल्यासारखी, ओळ खाली खाली गेलेली, तीन ठिकाणी कागद फाटलाय.

'रॅम्प सरळ घे हे मी सांगितले. मुकादमाने ऐकले. तिचा नकाशा बरोबर.'

खाली सही. एकच मजला झालाय, पण सही. आणि त्याच्या खाली — 'पोच द्यावी.'

पोच दिली. माझी सही त्यांच्याहून वाकडी आली.